तीन पोरं, एक मास्तर आणि शेफिल्डची चाळीस पेन्सची बस

माझा धाकटा भाऊ विलास इंग्लंडात शेफिल्डला राहतो. गेली पंधरा-सोळा वर्षं दर दिवाळीला तो फोनवर म्हणायचा, "दादा, एकदा या की इकडे." मी म्हणायचो, "बघू, येऊ." हे संभाषण दोघांनाही आवडायचं, कारण त्यात कोणालाच काही करावं लागत नव्हतं. २००५ च्या दिवाळीत मात्र मी म्हणालो, "मे महिन्यात येतो." पलीकडे एवढी शांतता पसरली की मला वाटलं त्याचं कार्ड संपलं.

जायचं कारण सांगतो. मी नाशिकच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. बावीस वर्षं मी फळ्यावर 'शेफिल्ड : पोलाद, चाकू, कात्र्या' असं लिहून देतो आहे आणि मुलं ते वहीत उतरवून घेत आहेत. आपण शिकवतो ते गाव प्रत्यक्षात आहे का, हे एकदा बघून यावं असं वाटलं. शिवाय माझी मुलगी मुक्ता जूनपासून दहावीला जाणार होती. दहावी सुरू झाली की आमच्याकडे घरचे लोक टीव्हीसुद्धा आवाज बंद करून बघतात, त्यामुळे जायचं तर आत्ताच. सौ. म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मला दहा दिवस निवांत मिळतील." हे ती जरा जास्तच आनंदाने म्हणाली.

माझी बहीण सायखेड्याला दिलेली आहे. तिची सायली सोळा वर्षांची, रोज एसटीने नाशिकला कॉलेजला येते. तिचे वडील, म्हणजे आमचे अण्णा, शेतकरी माणूस. त्या वर्षी द्राक्षं बरी गेली होती. ते म्हणाले, "मास्तर, पोरीलाबी घेऊन जा. माझं तर नाशकाच्या पुढं काय जाणं व्हत नाय."

शिक्षकांच्या खोलीत सल्ल्यांचा पाऊस पडला. परदेशी कोणीच गेलेलं नसल्यामुळे सल्ले अगदी ठाम होते. ड्रिलचे सर एकदा नेपाळला जाऊन आलेले, त्यामुळे त्यांचा शब्द अखेरचा. "तिकडे कोणाशी बोलायचं नाही. इंग्रज माणूस ओळखीशिवाय बोलत नाही," ते म्हणाले. मी ते लक्षात ठेवलं.

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही मँचेस्टरला उतरलो. बॅगांत सहा किलो चिवडा, गोडा मसाला आणि अण्णांनी दिलेले मनुके होते. विलास गाडी घेऊन आला होता. मधल्या डोंगरातून जाताना मी पोरींना खडकांचे प्रकार समजावून सांगितले. दोघी झोपल्या होत्या हे मला शेफिल्ड आल्यावर कळलं.

घरी विलासची बायको नीता आणि मुलगा रोहन. रोहन पंधरा वर्षांचा, तिथेच जन्मलेला. कानातली इअरफोनची बोंडं न काढता "हाय काका" म्हणाला आणि वर गेला. त्याला मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र शब्द जागेवर सापडत नाहीत.

रात्रीच्या जेवणाआधीच विलासने छापील कार्यक्रम हातात ठेवला. एक दिवस पाळण्यांचं मोठं उद्यान, एक दिवस लंडन, एक दिवस कसलासा किल्ला. मी मनातल्या मनात पंच्याऐंशीचा पाढा म्हणू लागलो. पहिल्यांदा इंग्लंडला जाणाऱ्यांनी हा पाढा पाठ करूनच निघावं, कारण पौंड तेव्हा पंच्याऐंशी रुपयांच्या आसपास होता. उद्यानाच्या चार तिकिटांपर्यंत आलो आणि माझा पगार संपला. मी म्हणालो, "विलास, आम्ही आमचं आमचं फिरू. स्वस्तात." शोभेल तेवढा वेळ वाईट वाटून घेऊन विलास म्हणाला, "ठीक आहे. नाहीतरी आम्हा दोघांना ऑफिस आहे. रोहनला आठवडाभर सुट्टीच आहे, तो दाखवेल सगळं. त्याचं गाव आहे हे."

वरच्या मजल्यावर दार आपटल्याचा आवाज आला.

सोमवारी तिकडे सार्वजनिक सुट्टी होती, म्हणून विलासने आम्हाला गाडीतून एका प्रचंड मॉलमध्ये नेलं. मी विचारलं, "पोलादाचे कारखाने कुठे आहेत?" तो म्हणाला, "हेच की. इथेच होते. पाडून मॉल बांधला." मी एका बुटांच्या दुकानासमोर उभा राहून बावीस वर्षांच्या वह्या आठवल्या. मुक्ताने विचारलं, "बाबा, मग परीक्षेत काय लिहायचं? बूट?"

मंगळवारपासून आमची खरी सहल सुरू झाली. इथून पुढचं, पोरांना घेऊन जाणाऱ्यांनी नीट वाचावं. शेफिल्डात मुलांना बसच्या एका फेरीला तेव्हा फक्त चाळीस पेन्स पडायचे. मोठ्यांनी दिवसभराचा पास काढावा, तीन पौंडांच्या आतबाहेर येतो. डबा घरून न्यावा आणि छत्री विसरू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याचं ते गाव आहे त्याच्यावर विसंबू नये.

कारण रोहनने आम्हाला आत्मविश्वासाने रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभं केलं. बस आली, आम्ही चढलो, अर्धा तास घरंच घरं पाहिली आणि एका मोकळ्या मैदानाजवळ बस थांबून बंद झाली. ड्रायव्हर सव्वासहा फूट उंच, दंडावर गोंदलेला वाघ. तो वळून मला म्हणाला, "हा शेवटचा थांबा, लव्ह."

मी इकडेतिकडे पाहिलं. माझ्यामागे कोणी नव्हतं. रोहन लाल होत म्हणाला, "काका, इथे सगळे तसंच म्हणतात. त्याचा काही मीनिंग नसतो." संध्याकाळपर्यंत मला ड्रायव्हर, पाववाला, पोस्टातली बाई आणि एक झाडूवाला अशा चौघांनी 'लव्ह' म्हटलं. वीस वर्षांच्या संसारात एवढं ऐकलं नव्हतं. ड्रिलच्या सरांनी हे कुठे सांगितलं होतं?

"तू या बसने कधी आला नाहीस का रे?" मुक्ताने रोहनला विचारलं.

"मी बसने कुठेच जात नाही. डॅड सोडतात. स्कूल, मॉल, आणि बेनचं घर." म्हणजे पंधरा वर्षांत त्याच्या गावात तीनच ठिकाणं होती.

सायली तोपर्यंत थांब्यावरच्या एका आजीबाईंकडे गेली होती. त्यांच्याजवळ चाकांची पिशवी होती. सायलीचं इंग्रजी एसटी स्टँडवर तयार झालेलं आहे. "आंटी, सिटी गोइंग बस, विच साइड?" आजींना ते बरोबर समजलं. त्यांनी बाजू सांगितली, नंबर सांगितला, शिवाय आपल्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि सुनेचा स्वभावही सांगितला. सायली सगळ्याला "यस, यस, सेम इन सायखेडा" म्हणत होती. रोहन लांब उभा राहून मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होता. त्या मोबाइलमध्ये शोधण्यासारखं काही नव्हतं, हे मला दिसत होतं.

बुधवारी गावाच्या मधोमध असलेल्या काचेच्या मोठ्या बागेत गेलो. आत माडाएवढी उंच झाडं, बसायला बाकं, तिकीट नाही. बाहेर पाऊस आला की अख्खं शेफिल्ड इथे येऊन बसतं. आम्हीही पोळीभाजी तिथेच खाल्ली. तिथूनच आत एक संग्रहालय लागतं, तेही फुकट, आणि त्यात काय ठेवलंय म्हणाल, तर काटे, चमचे आणि सुऱ्या. शेकडो. मासे खायचा काटा वेगळा, लोणी लावायची सुरी वेगळी. सायली बराच वेळ बघून म्हणाली, "मामा, यांना जेवायला बसायच्या आधी किती अभ्यास करावा लागत आसंल."

मला मात्र हुरूप आला. शेवटी पोलाद सापडलं होतं. मी मोठ्या आवाजात पोरांना कोळसा, लोखंड, नदीचं पाणी असं सगळं समजावू लागलो. तिथे गणवेशातला एक साठीचा रखवालदार उभा होता. तो शांतपणे ऐकत होता. मी मराठीत बोलत असलो तरी 'स्टील' आणि 'शेफिल्ड' त्याला कळलं असावं. जवळ येऊन त्याने विचारलं, "मास्तर आहात?"

मी अभिमानाने सांगितलं की बावीस वर्षं भारतातल्या मुलांना त्याच्या गावाचं पोलाद शिकवतो आहे.

"छान," तो म्हणाला. "मी एकोणीस वर्षं भट्टीवर होतो. मग भट्टी बंद झाली. आता चमचे सांभाळतो, लव्ह." आणि आमच्या मुलांकडे बघून हसत म्हणाला, "भारतात अजून आमचा कारखाना चालू आहे म्हणायचा. बरं वाटलं ऐकून."

त्याने ते चेष्टेने म्हटलं की मनापासून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मुक्ता मात्र दिवसभर खूश होती. वडिलांना कोणी दुरुस्त केलं की मुलांचा प्रवास वसूल होतो, आणि याला तिकीटही नसतं.

बाहेरच्या चौकात जमिनीतून कारंजी उडतात आणि लहानमोठी मुलं कपड्यांनिशी भिजतात. पोरींना वाटलं रामकुंडावर आलो. फरक एवढाच की तिथे कोणी पाप धुवायला आलेलं नव्हतं आणि कपडे पळवणारी माकडं नव्हती. मुक्ता आणि सायली घोट्यापर्यंत पाण्यात शिरल्या. रोहनही बूट काढू लागला होता, पण आजूबाजूला पाहून त्याने पुन्हा नाडी बांधली.

गुरुवारी बाजार. जुनी, छताखाली बांधलेली मंडई, आत शिरलं की मासळीचा वास आणि ओरडा. सायली पहिल्यांदा घरी असल्यासारखी चालू लागली. कांद्याचा भाव वाचून म्हणाली, "लासलगावला कोणी हा भाव पुकारला, तर लोक बँड लावतील." एका गाड्यावर कुठल्याशा देशाची द्राक्षं होती. आपली द्राक्षं एप्रिलातच संपतात. बाईने चाखायला एक दिलं. सायलीने तोंड वाकडं केलं आणि अतिशय नम्रपणे "व्हेरी गुड" म्हणाली.

मी केळी घेत होतो. पोरं चार पावलं पुढे होती, रोहनच्या हातात आमच्या डब्याची कापडी पिशवी. इतक्यात समोरून रोहनच्या वयाची तीन मुलं आली. रोहनने पिशवी हळूच जमिनीवर ठेवली आणि दोन पावलं बाजूला सरकला.

"या कोण?" त्यातल्या एकाने विचारलं.

रोहन म्हणाला, "आय डोन्ट नो देम. टूरिस्ट असतील. रस्ता विचारत होत्या."

सायली त्याच्यापासून दोन हातांवर होती. तिला एवढं इंग्रजी नक्की येतं. तिने रोहनकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, खाली वाकून पिशवी उचलली आणि म्हणाली, "लेफ्ट, देन राइट. थँक्यू. थँक्यू हं." आणि मुक्ताचा दंड धरून खरंच डावीकडे वळली.

माझ्या डोक्यात सणक गेली. बावीस वर्षांचा वर्गातला आवाज छातीतून वर येऊ लागला. तेवढ्यात सायली मागून वळसा घालून माझ्याजवळ आली.

"मामा, राहू द्या. केळी घ्या."

बसमध्ये मुक्ता रडकुंडीला आली होती. "बाबा, मी काकांना सांगणार. आपण काय भिकारी आहोत का?"

"नाय सांगायचं," सायली म्हणाली. एवढंच. बाकी रस्ताभर ती खिडकीबाहेर बघत राहिली.

रोहन पुढच्या बसने आला. जेवताना विलासने विचारलं, "काय मग, आज आमच्या गाइडने काय दाखवलं?" रोहनचा घास हातातच राहिला.

"बाजार दाखवला," सायली म्हणाली. "लय भारी हाय."

शुक्रवारी मला वाटलं, हा काही येत नाही. पण नऊ वाजता तो बूट घालून दाराशी उभा. हातावर पेनाने बसचा नंबर, सुटायची वेळ आणि परतीच्या दोन वेळा लिहिलेल्या. रात्री इंटरनेटवर बसून त्याने ते शोधलं होतं. आणि या वेळी रस्त्याची बाजूही बरोबर निघाली.

शेफिल्डला जाणाऱ्यांनी ही सहल चुकवू नये. गावातून सुटलेली बस अर्ध्यापाऊण तासात सरळ डोंगरमाळावर नेऊन सोडते. वर झाडं कमी, वारा भरपूर, मेंढ्या आणि रचलेल्या दगडांच्या भिंती. तिकीट लागत नाही, कारण वाऱ्याला फाटक लावता येत नसावं. गवतात माणसाच्या छातीएवढी दगडी जाती पडलेली आहेत, शेकडो वर्षांपूर्वी घडवून तशीच टाकलेली. गिऱ्हाईक संपलं असणार. मी त्या खडकाबद्दल बोलायला तोंड उघडलं, पण रखवालदार आठवला आणि गप्प बसलो.

नीताने दिलेली थालीपीठं खाल्ली. मग मी एका जात्याला टेकून तोंडावर टोपी घेतली. परीक्षेच्या वेळी डोळे मिटून सगळं ऐकायची सवय आम्हा शिक्षकांना असते, ती इथे उपयोगी पडली.

"रोहन," सायलीचा आवाज आला. "एक सांगू? हळू सांगते, म्हणजे समजंल."

त्याच्या बुटांचा आवाज तिच्याजवळ येऊन थांबला.

"मागच्या वर्षी माझी परीक्षा फी भरायची राह्यली व्हती. शेवटचा दिवस. अण्णा सायखेड्याहून मोटरसायकलवर आले. धोतर, टोपी, पाय चिखलानं भरलेले. कॉलेजच्या गेटवरून हाक मारली मला. मैत्रिणींनी विचारलं, कोण गं हे? मी म्हणले, आमच्या वावरात कामाला हाय."

"वावर?"

"फार्म. आय सेड, ही इज अवर वर्कर."



"त्यांनी ऐकलं?" रोहनने विचारलं.

"ऐकलं ना. जवळ आले आन् म्हणले, ताई, मालकांनी फी दिलीय. पैसे हातात दिले आन् गेले निघून. मागं बघितलंबी नाय."

मी टोपीखाली डोळे उघडले. अण्णांनी हे आम्हाला कोणालाच कधी सांगितलं नव्हतं.

"मग घरी? ही वॉज अँग्री?"

"नाय. भाकर वाढ म्हणले."

"तू सॉरी म्हटलं?"

"नाय. लय दिवस झाले. आता कुठून सुरू करायचं तेच समजत नाय."

मग रोहन एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाला, "सायली. चुकलं तुझं."

मी टोपी काढली. तो स्वतःच्या छातीवर हात ठेवून उभा होता, डोळे भरलेले.

"अरे, 'माझं' म्हण, माझं!" मुक्ता ओरडली.

"तेच म्हटलं मी! चुकलं तुझं!"

सायली हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. ओढणीने नाक पुसत ती म्हणाली, "हां बाबा. माझंच चुकलं. तू बरोबर बोलला."

परतीच्या बसमध्ये चौघंही शेवटच्या लांब बाकावर बसलो. गावात उतरलो तर कारंज्यांच्या चौकात बाजारातल्या तिघांपैकी एक मुलगा, तो बेन, सायकल घेऊन उभा. रोहनची पावलं अडखळली. मग तो सरळ त्याच्याकडे गेला. "बेन, या माझ्या कझिन्स. मुक्ता. सायली. फ्रॉम नाशिक. अँड दॅट्स माय काका."

बेन सायलीकडे बघून गोंधळला. "पण तुम्ही तर काल रस्ता चुकला होता ना?"

"यस," सायली म्हणाली. "यस्टरडे लॉस्ट. टुडे कझिन."

बेनला काय समजलं ते देव जाणे. तो म्हणाला, "ओके," आणि पाच मिनिटांनी चौघंही कारंज्यात भिजत होती. रोहनने या वेळी बूट काढले नाहीत. बुटांसकटच गेला. नीता संध्याकाळी बराच वेळ त्या बुटांबद्दल बोलत होती.

शनिवारी आम्ही निघालो आणि रविवारी रात्रीपर्यंत नाशकात होतो. शाळा उघडली. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी एकच विचारलं, "लंडन पाहिलं का?" नाही म्हटल्यावर त्यांचे चेहरे असे पडले, जणू मी त्यांचे पैसे घेऊन गेलो होतो. "मग बघितलं काय?" मी म्हणालो, काटे-चमचे, केळी आणि मेंढ्या. ड्रिलच्या सरांनी विचारलं, कोणी बोललं का? मी हो म्हणालो. काय म्हणाले, ते सांगितलं नाही. वर्गात आता मी 'शेफिल्ड : पोलाद' च्या आधी 'पूर्वी' असा शब्द लिहितो. एका मुलाने विचारलं, मग आता तिथे काय आहे? त्याचं उत्तर द्यायला एक तास पुरला नाही आणि धडा मागे पडला.

जुलै संपता संपता एका सकाळी अण्णा घरी आले. पंचवटीत भाजी उतरवून परत जाताना चहाला थांबतात कधीकधी. बसले, टोपी मांडीवर ठेवली.

"मास्तर, तुमच्या त्या इंग्लंडात पोरीला काय पाजलं?"

"का, काय झालं?"

"परवा मला कॉलेजात घेऊन गेली. मी म्हणलं गेटवरच थांबतो, तर हाताला धरून आत न्येलं. कँटीनमधी बसवलं. सात-आठ पोरी व्हत्या. त्यांना म्हणली, हे माझे वडील. मी म्हणलं पाय धुऊन येतो, तर म्हणली, नाय, बसा." अण्णा थांबले, खिडकीकडे बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "पण तिथला चहा लय बेकार. नुसतं पाणी. आन् समोसा कालचा."

सौ. चहा घेऊन बाहेर आली, तर त्यांनी तिला सगळं सांगितलं आणि शेवटी चहाला नावं ठेवली. मग शेजारचे काका पेपर मागायला आले. अण्णांची त्यांच्याशी धड ओळखही नाही.

"बसा," अण्णा म्हणाले. "आमच्या पोरीच्या कॉलेजातला चहा कधी प्यालाय का? लय बेकार." आणि त्यांनी पुन्हा गेटपासून सुरुवात केली.